मरुभूमीतील एकाकी सायकलस्वार आणि ग्रीष्मचर्या

शहाडला उल्हास नदीकाठच्या दमट हवेत घाम अंगावर राहतो. राजस्थानच्या मरुभूमीत तो येताच वाळतो. त्यामुळे होणारा जलक्षय सायकलस्वाराच्या ध्यानात येत नाही. याच प्रदेशात, फलोदी येथे, १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तेथे उन्हाळ्यात एकट्याने सायकलप्रवासास निघालेला तरुण आपणांकडे औषध मागावयास आला, तर त्यास काय सांगावे?

चरकसंहितेत ग्रीष्मात व्यायाम व लवण हे दोन्ही वर्ज्य सांगितले आहेत. परंतु जो व्यायाम टाळणार नाही, त्याचे घामावाटे गेलेले लवण भरून काढावेच लागते. केवळ पाणी पुरत नाही. त्यास धान्यक हिमासोबत जलसंजीवनीची पाकिटे अवश्य द्यावीत, असे आम्हांस वाटते.

याहून मोठा धोका निराळा आहे. उष्माघातात बुद्धिभ्रम होतो आणि तो ओळखणारा सोबती एकट्या प्रवाशाजवळ नसतो. म्हणून सकाळी १० ते सायंकाळी ५ सावलीत थांबण्याचा नियम त्याच्याकडून निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावा. तहान वा थकवा यांची वाट न पाहता तो घड्याळाप्रमाणे पाळावा. भ्रम झालेल्यास तोंडाने काढा देऊ नये; अंगावर पाणी ओतून, वारा घालून तत्काळ रुग्णालयात न्यावे, हेही त्याच्या कुटुंबीयांस सांगून ठेवावे.