दुखरं ढोपर: शेक कशासाठी, व्यायाम कशासाठी

मालवण, वेंगुर्ला, देवगड या पट्ट्यात साठीच्या पुढच्या माणसाला तब्येत विचारली, की बहुतेक वेळा उत्तर ढोपरांपासून सुरू होतं. त्यात नवल नाही. लावणीला दिवस दिवस कमरेत वाकून चिखलात उभं राहायचं, मासळीचे वाटे लावताना उकिडवं बसायचं, आडाळ्यावर बसून नारळ खवायचा, आणि घर डोंगरउतारावर असेल तर पाण्याच्या कळशीसह चिऱ्याच्या पायऱ्या चढायच्या. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावी घरोघर पाहणी सुरू केली, तेव्हाही हाडा-सांध्यांचं दुखणं ही नेहमीची तक्रार निघाली, आणि दुखणाऱ्या जागांत कंबर व गुडघा पुढे होते.

दुखण्यावर आपल्याकडे दोन सल्ले तयार असतात. घरातला सांगतो, ‘निगडीच्या पाल्याचा शेक घे.’ डॉक्टर सांगतो, ‘व्यायाम करा.’ पहिला सल्ला लोक मनापासून पाळतात, दुसरा दोन दिवसांत सोडून देतात. खरं तर दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत, फक्त क्रम लक्षात घ्यावा लागतो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. सगळे वात सारखे नसतात. बसून उठताना, जिने उतरताना दुखतं आणि सकाळचा ताठरपणा पाच-दहा मिनिटांत मोकळा होतो, ती बहुधा गुडघ्याची झीज. सकाळी बोटं, मनगटं तासभर आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजतात, तो आमवात असू शकतो. त्याला औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाकडे होणं टळतं, म्हणून तिथे पाल्यावर महिने घालवू नयेत. रात्रीत पायाचा अंगठा लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसेना, तर युरिक ॲसिड तपासा. किनाऱ्यावरच्या माणसाला हे आवडणार नाही, पण अशा वेळी तारली, बांगडा आणि तिसऱ्या आवराव्या लागतात, दारूही. चिकुनगुनियानंतरही सांधे कित्येक महिने दुखतात. पुढचं सगळं मुख्यतः झिजेच्या गुडघ्याबद्दल आहे.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचं आवरण असतं. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातूनच तिला पोषण मिळतं, आणि ते मिळायला सांधा दाबला जाऊन सुटावा लागतो. भिजवलेलं नारळाचं सोडण दाबलं की पाणी सुटतं, सोडलं की पुन्हा शिरतं, तसंच काहीसं. म्हणजे दुखतं म्हणून महिनोन् महिने पाय न हलवणारा माणूस कूर्चेचं जेवणच बंद करतो. दुसरं म्हणजे, चालताना बसणारा धक्का मांडीच्या पुढच्या स्नायूंनी झेलायचा असतो. बसून राहिल्याने ते बारीक होतात, धक्का थेट सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, माणूस आणखी बसतो. हा फेरा तोडायला व्यायाम लागतो. पण दुखऱ्या, आखडलेल्या गुडघ्याने व्यायाम होत नाही. शेकाची खरी जागा इथे आहे.

निर्गुंडी, म्हणजे आपली निगडी, कुंपणाला आणि ओढ्याकाठी सहज मिळते. मूठ-दोन मुठी पाला तव्यावर थोड्या जाड्या मिठासह परतायचा, सुती फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी स्वतःच्या मनगटावर ऊब पाहायची आणि मग गुडघ्याभोवती दहा-पंधरा मिनिटं शेकायचं. उबेने स्नायू सैल होतात, दुखणं तात्पुरतं दबतं. आराम देण्यात पाल्याचा वाटा किती आणि उबेचा किती, याचा वाद वैद्यांवर सोडावा. घरी पाला नसेल तर गरम पाण्याची पिशवीही चालते. खोबरेल किंवा उंडीचं तेल कोमट करून चोळलं तरी हरकत नाही. मात्र गुडघा लाल, गरम आणि फुगलेला असेल तर शेक नको, थंड पाण्याची घडी ठेवा. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील त्यांनी शेकताना जपावं, कारण भाजल्याचं कळतच नाही. रुईची पानं बांधणाऱ्यांनी चीक कातडीला आणि डोळ्यांना लागू देऊ नये. आणि बिब्बा मुळीच लावू नये. त्याने फोड येतात, जखमा चिघळतात आणि सांधा जसाच्या तसा राहतो.

शेक संपला की लगेच व्यायाम, ऊब जायच्या आत. पडवीत चटई टाका. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघा खाली दाबा. मांडी कडक झालेली हाताला लागली पाहिजे. मनात पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. मग उताणे झोपून एक पाय दुमडा, दुसरा सरळ ठेवून वीत-दोन वीत उचला, पाच मोजा, हळू खाली आणा. प्रत्येक पायाला दहा वेळा. कुशीवर वळून वरचा पाय तसाच सरळ उचलायचा. हा लोक वगळतात, पण चालताना कंबर आणि गुडघा सरळ ठेवण्याचं काम नितंबाच्या बाजूचे स्नायूच करतात.

शेवटी खुर्चीचा व्यायाम, आणि एकच जमणार असेल तर हाच करा. भिंतीला टेकवलेल्या, न हलणाऱ्या खुर्चीवर बसायचं, हात छातीवर घ्यायचे, उठायचं आणि सावकाश बसायचं. धपकन बसलात तर अर्धा फायदा गेला. जमत नसेल तर बैठकीवर उशी ठेवून खुर्ची उंच करा, हातांचा आधार घ्या. व्यायाम करताना थोडं दुखणं चालतं. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं असेल तर आकडा निम्मा करा, पण बंद करू नका. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात.

चालायला समुद्र जवळ असणं हे आपलं भाग्य, पण सुक्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि गुडघा पिळवटतो. सुकतीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवरून चाला. किनारा उतरता असल्यामुळे एक पाय सतत खाली राहतो, म्हणून गेलात तितकंच त्याच वाटेने परत या, म्हणजे उतार दोन्ही पायांना वाटून जातो. काठी वापरत असाल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. बहुतेक जण नेमकी उलट धरतात. वजन जास्त असेल तर एक किलो उतरल्यावर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. आडाळो ओट्यावर चढवा, उकिडव्याऐवजी स्टूल घ्या, संडासात कमोड बसवा.

पोटात घ्यायच्या औषधांबाबत जास्त सावध राहायला हवं. डॉ. चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली झालेली, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी पाहा. गुडघ्याच्या झिजेचे 440 रुग्ण, 24 आठवडे. एकीकडे सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांच्या अर्काची औषधं, दुसरीकडे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब. वेदना कमी करण्यात आयुर्वेदिक औषधं या दोघांच्या बरोबरीची ठरली. पण त्याच चाचणीत काही रुग्णांचं एसजीपीटी वाढलं, म्हणजे यकृताला ताण पडला. औषध थांबवल्यावर ते उतरलं. म्हणून आंब्याच्या झाडावर चढलेली गुळवेल तोडून रोज काढा पिणं निर्धोक समजू नका. हळदीच्या दुधाने नुकसान नाही, पण हळदीत कर्क्युमिन जेमतेम तीन टक्के असतं आणि अंगी फारसं लागत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि नाव-पत्ता नसलेल्या पुडीतल्या चूर्णाने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय घ्या. चेहरा सुजणं, साखर वाढणं ही त्याची खूण.

वैद्यांचा सल्ला हवा तर सावंतवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे, तपासण्यांना ओरोसचं सरकारी रुग्णालय आहे. जाण्याआधी घरी एक मोजणी करा. घड्याळ लावून अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता ते मोजा आणि आकडा कालनिर्णयवर आजच्या तारखेखाली लिहा. आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा वाढला नसेल तर तो कागद घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा.