वीजबिलातील अन्यायकारक आकार आणि आपले कर्तव्य

उत्तन, पाली, डोंगरी, राई, मुर्धे ही जुनी गावे असोत किंवा मीरा रोड व भाईंदरमधील नवी गृहसंकुले, वीजबिल हाती आले की अनेक घरांत एकच प्रश्न विचारला जातो : हे पैसे नेमके कशाचे? उत्तर मिळत नाही. कंपनीच्या कार्यालयात गेल्यास ‘आधी बिल भरा, मग तक्रार करा’ असे सांगितले जाते. वीज तोडली जाईल या धास्तीने आपण पैसे भरतो आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक, देशाच्या कायद्याने ग्राहकाला या बाबतीत भक्कम संरक्षण दिले आहे. आपल्या धर्मग्रामांतील बंधुभगिनींना त्याची माहिती असावी, या हेतूने हा लेख.

कंपनी बदलली तरी नियंत्रण आयोगाचेच

मीरा-भाईंदरला वीज पुरविणारी मूळ कंपनी म्हणजे १९२९ साली स्थापन झालेली बीएसईएस. पुढे ती रिलायन्सकडे गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये हा व्यवसाय अदानी समूहाने घेतला. २०१४ पासून टाटा पॉवरच्या परवान्यातही या शहराचा समावेश आहे. खाडीपलीकडे वसई-विरारमध्ये महावितरण वीजपुरवठा करते. बिलावरचे नाव कोणतेही असो, या सर्व कंपन्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियंत्रणाखाली येतात.

विद्युत अधिनियम २००३ मधील तत्त्व सरळ आहे. आयोगाने जो दर आणि जो आकार मंजूर केला असेल, तोच कंपनीने घ्यावा. त्याहून अधिक रक्कम वसूल केली असल्यास ती बँक दराने व्याजासह ग्राहकाला परत मिळण्याची तरतूद कलम ६२ मध्ये आहे. म्हणून प्रत्येक अनोळखी आकाराबाबत आपण विचारावयाचा पहिला प्रश्न असा : हा आकार आयोगाच्या कोणत्या आदेशानुसार लावला आहे?

दहा वर्षांचा एक लढा

हा प्रश्न विचारल्याने काय होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण महावितरणच्या बाबतीत घडले. नवीन वीजजोडणी मागणाऱ्या ग्राहकांकडून ‘सर्व्हिस लाइन चार्जेस’ या नावाने रक्कम घेतली जात असे. काहींना खांब, तारा, रोहित्र यांचा खर्च सोसावा लागे, तर काहींकडून मीटरची किंमतही घेतली जाई. आयोगाने ८ सप्टेंबर २००६ रोजी दिलेल्या आदेशात, केवळ एका ग्राहकासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारावी लागते असे अपवाद वगळता, हे सर्व्हिस लाइन चार्जेस घेण्याचा प्रस्ताव फेटाळला. यामागील विचार समजून घेण्यासारखा आहे. वीजजाळे उभारण्याचा व चालविण्याचा खर्च कंपनी वीजदरातून सर्व ग्राहकांकडून वसूल करीतच असते. तोच खर्च नव्या ग्राहकाकडून पुन्हा घेणे म्हणजे एकाच वस्तूची दोनदा किंमत घेणे होय.

आदेशानंतरही वसुलीच्या तक्रारी येत राहिल्या. २००७ मध्ये आयोगाने अशा रकमा परत करण्याचे निर्देश दिले. महावितरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परताव्याला स्थगिती मिळाली. १० नोव्हेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले, तेव्हा परताव्याचा मार्ग मोकळा झाला. मात्र ज्यांनी पावत्या व कोटेशन जपून ठेवले नव्हते त्यांची अडचण झाली आणि अर्जाच्या मुदतीवरूनही अनेकांना पुन्हा झगडावे लागले. न्याय मिळतो, परंतु कागद सांभाळणाऱ्याला आणि वेळेत मागणाऱ्याला तो अधिक सुलभपणे मिळतो, हाच याचा बोध.

आपल्या शहराशी थेट संबंध असलेली घटना २००९ ची. त्या वर्षी जूनमध्ये रिलायन्सच्या ग्राहकांसाठी दरवाढ मंजूर झाली. लोकांत तीव्र असंतोष उसळला आणि जुलैमध्ये आयोगाने वाढीला स्थगिती देऊन कंपनीच्या खर्चाची चौकशी करण्याचे ठरविले. ही स्थगिती कायम टिकली नाही आणि न वसूल झालेला खर्च पुढील काळात ग्राहकांपुढे पुन्हा उभा राहिला. म्हणून केवळ मोर्चा पुरेसा नसतो. दर ठरविण्यापूर्वी आयोग जाहीर सूचना देऊन जनतेच्या हरकती मागवितो. कोणताही सामान्य ग्राहक तेथे लेखी हरकत नोंदवू शकतो. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था हे काम वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत.

बिल कसे तपासावे?

बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि शासनाचे वीज शुल्क अशा बाबी असतात. यांपैकी कशातही न बसणारी रक्कम दिसल्यास तिचा खुलासा मागावा. पुढील गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

१. वाचनाचा कालावधी. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिला टप्पा १०० युनिटपर्यंतचा असतो. समजा, दोन महिन्यांत मिळून १८० युनिट वापरले गेले. दरमहा ९० युनिट धरल्यास सर्व वापर पहिल्या टप्प्यात बसतो. तेच १८० युनिट एका महिन्याचे धरल्यास ८० युनिटना वरचा दर लागतो. २०२० च्या टाळेबंदीत मीटरवाचन थांबले होते, तेव्हा हा प्रश्न घरोघरी उद्भवला. एकत्रित वापर महिन्यांत विभागून टप्प्याचा लाभ मिळाला आहे की नाही, हे पाहावे.

२. मीटरमधील दोष. मीटर वेगाने फिरत असल्याची शंका असल्यास शुल्क भरून त्याची चाचणी मागता येते. मीटर सदोष आढळल्यास बिलाची दुरुस्ती साधारणतः वाद उद्भवण्यापूर्वीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती होते. म्हणून शंका येताच अर्ज करावा.

३. आधीच्या मालकाची थकबाकी. जुनी सदनिका घेणाऱ्या कुटुंबांना याचा त्रास होतो. खरेदीदार हा पूर्वीच्या मालकाचा कायदेशीर वारस नसेल, तर राज्याच्या नियमांनुसार त्याच्याकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांची थकबाकी घेता येते.

४. सुरक्षा ठेव. ही ठेव आपल्या मालकीची असून तिच्यावर कंपनीने व्याज देणे बंधनकारक आहे. ते बिलात जमा होते का, हे वर्षातून एकदा पाहावे.

वीज तोडण्याची धमकी

सर्वांत मोठी भीती हीच. कायद्याचे कलम ५६ सांगते की, थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी कंपनीने पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. रकमेबाबत वाद असल्यास ग्राहक दोन मार्गांनी आपली जोडणी वाचवू शकतो. मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ‘हरकत नोंदवून भरणा’ असे लिहून भरावी. वाद मिटेपर्यंत पुढील बिलांबाबतही हाच मार्ग खुला असतो. अशा प्रकारे पैसे भरणे म्हणजे चूक कबूल करणे नव्हे.

तक्रारीच्या पायऱ्या

प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी व पोचपावती घ्यावी. केवळ दूरध्वनीवर विसंबू नये. समाधान न झाल्यास ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे. हा मंच कायद्यानेच स्थापन झालेला आहे आणि त्यावर ग्राहकांचा एक प्रतिनिधीही असतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. मंचाने साधारणतः साठ दिवसांत निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. निर्णय मान्य नसल्यास साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. यासाठी वकील नेमण्याची गरज नाही. सुटसुटीत मराठीत लिहिलेला अर्ज, बिले, पावत्या आणि मीटरची छायाचित्रे पुरेशी असतात.

सेवेतील त्रुटीबाबत जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. वीज ग्राहकाला तेथे तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. मात्र अनधिकृत वापराबद्दल केलेल्या आकारणीविरुद्ध तेथे दाद मागता येत नाही.

श्रद्धेचा प्रश्न

काही जण म्हणतील, शंभर-दोनशे रुपयांसाठी भांडण कशाला? ख्रिस्ती माणसाने सोसावे. सोसणे हा सद्गुण खराच. परंतु जो आकार आपण मुकाट्याने भरतो, तोच शेजारच्या विधवेच्या आणि होडी बंद असलेल्या मच्छीमार कुटुंबाच्या बिलातही येतो. आपल्या सोसण्याची किंमत तेही मोजतात. इतरांच्या अज्ञानाचा व अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढविणे हा सातव्या आज्ञेचा भंग आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. संत लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील विधवा आठवावी. अन्यायी न्यायाधीशापुढे तिच्याजवळ धन नव्हते, वशिला नव्हता. पुनःपुन्हा जाण्याची चिकाटी मात्र होती. प्रभू येशूने हा दाखला अखंड प्रार्थनेविषयी सांगितला, पण न्याय मागणाऱ्या गरिबाचे चित्रही त्यातून आपल्यासमोर उभे राहते.

तीच आज्ञा आपल्यालाही लागू आहे, हे विसरू नये. मीटरमध्ये फेरफार करणे किंवा आकडा टाकून वीज घेणे ही चोरी आहे. कायद्यानेही आणि श्रद्धेनेही. जे खरोखर देणे आहे ते वेळेवर द्यावे, म्हणजे जे देणे नाही ते नाकारताना आपला आवाज स्वच्छ राहील.

प्रत्येक धर्मग्रामात एखादा निवृत्त लिपिक, शिक्षक वा विजेच्या कामाचा जाणकार असतोच. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर तासभर बसून त्यांनी वृद्धांची व एकाकी व्यक्तींची बिले तपासून दिली, अर्ज लिहून दिले, तर ती शेजारप्रीतीची मोठी सेवा ठरेल. एकाच स्वरूपाच्या दहा तक्रारी एकत्र गेल्या की कार्यालयालाही त्यांची दखल घ्यावी लागते. बिले आणि पावत्या एका फाइलमध्ये लावून ठेवण्याचे काम मात्र प्रत्येक घराने आजपासूनच सुरू करावे.