हेम्पचे बियाणे : पोते घेण्याआधी पारख करा

उल्हासनगरच्या कापड बाजारात आम्हाला भांगेच्या धाग्याचे, म्हणजे हेम्पचे कापड अधूनमधून दाखवले जाते. दिसायला लिननसारखे, भावही चढा. ते ऐकून बदलापूरकडे जमीन असलेल्या आमच्या एका परिचितास कोणी गाठले. "हे बियाणे घ्या, पेरा, माल आम्ही उचलू." तो अंबरनाथला आमच्याकडे सल्ल्यास आला. आम्ही चौकशी केली ती व्यापारी बांधवांपुढे ठेवतो.

पहिली बाब कायद्याची. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यान्वये परवान्याशिवाय ही लागवड गुन्हा आहे. धागा व बी यांसाठी सरकार परवानगी देऊ शकते. उत्तराखंडात २०१८ साली असा परवाना दिला गेला. परवाना नसेल तर सौदा तिथेच संपला.

दुसरी बाब वाणाची. बी उगवणे वेगळे आणि वाण टिकणे वेगळे. भांगेत नर व मादी झाडे निराळी असतात आणि पराग वाऱ्यावर दूर जातो. शेजारचे रानटी झाड फुलले तरी पुढचे बी भेसळीचे होते. कापसाचेच पाहा. १९७० साली सुरतेत 'संकर-४' हा संकरित वाण निघाला. संकरित कापसाची सरकी दुसऱ्या वर्षी पेरली तर उगवते, पण झाडे एकसारखी येत नाहीत. झाडे सारखी नसली की धागा सारखा नाही, आणि मग रंगही सारखा चढत नाही. ते नुकसान शेवटी आपल्या गल्ल्यावर येते.

तिसरी बाब बियाच्या जिवंतपणाची. भांगेच्या बियात सुमारे तीस टक्के तेल असते. उष्ण, दमट हवेत ते खवट होते व अंकुर मरतो. आपल्याकडच्या गोदामात पावसाळा काढलेले पोते वरून चकचकीत दिसेल, आतून मेलेले असेल. खाण्यासाठी सोललेले बी तर उगवतच नाही.

सोयाबीनवाला शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो आणि आठवड्याने कोंब मोजतो. सत्तर उगवले तर बियाणे पेरणीलायक. परवानाधारकानेही विक्रेत्याकडे असाच उगवणीचा आकडा मागावा.

परिचिताला दाखवलेल्या पोत्यावर वाणाचे नाव नव्हते, चाचणीची तारीख नव्हती. परवान्याचे विचारताच विकणारा गप्प झाला. परिचिताने पैसे दिले नाहीत. पन्हा मोजल्याशिवाय आपण तागा घेत नाही, मग बी तरी का घ्यावे?