अणीमांडव्याची मर्यादा : बालकाचा अपराध आणि समाजाचा प्रतिसाद

प्रौढाने केलेला आणि अल्पवयीनाने केलेला अपराध बाह्यतः सारखाच असला, तरी त्याला मिळणारा समाजाचा प्रतिसाद सारखा नसतो. या भेदामागील भूमिकेचा विचार महाभारतातील एका आख्यानाच्या आधारे येथे करावयाचा आहे.

आदिपर्वातील मांडव्य ऋषी मौनव्रत पाळून तपश्चर्या करीत असता चोर त्यांच्या आश्रमात चोरीचा ऐवज लपवितात. राजपुरुष चोरांसमवेत ऋषींनाही पकडतात व त्यांना सुळावर चढविले जाते. ते जिवंत राहतात, राजा क्षमा मागतो; परंतु सुळाचे टोक देहातच राहून ते ‘अणीमांडव्य’ होतात. पुढे ते धर्माला जाब विचारतात. बालपणी कीटकांना गवताची काडी टोचल्याचे हे फळ, असे उत्तर मिळते. अल्प अपराधास एवढा मोठा दंड दिल्याबद्दल मांडव्य धर्माला शूद्रयोनीत जन्मण्याचा शाप देतात (तोच विदुर) आणि १४ वर्षांपर्यंतचे कृत्य पातक मानले जाणार नाही, अशी मर्यादा घालतात. येथे केवळ कृत्य पाहून कर्त्याचे वय न पाहणारा न्यायदाताच दंडनीय ठरतो, हे लक्षणीय होय.

आधुनिक कायद्यातही ही मर्यादा वेळोवेळी सरकत आली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेने ७ वर्षांखालील बालकाचे कृत्य अपराध मानले नाही. ७ ते १२ या वयात आकलनाची परिपक्वता पाहावी, असे सांगितले. १९८६ च्या बाल न्याय अधिनियमाने मुलग्यांसाठी १६ व मुलींसाठी १८ वर्षांची, तर २००० च्या अधिनियमाने सर्वांसाठी १८ वर्षांची मर्यादा स्वीकारली.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या सामूहिक बलात्कार व हत्येच्या प्रकरणाने या मर्यादेची कसोटी पाहिली. कृत्य एकच, परंतु चौघा प्रौढांना २० मार्च २०२० रोजी फाशी देण्यात आली, तर अल्पवयीनास ३ वर्षे विशेष गृहात ठेवण्यात आले. न्या. वर्मा समितीने वयोमर्यादा घटविण्याची शिफारस केली नव्हती. तथापि डिसेंबर २०१५ मध्ये, त्याच्या सुटकेच्या सुमारास, संसदेने नवा अधिनियम संमत केला. त्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलाकडून अतिगंभीर अपराध घडल्यास त्याच्या क्षमतेचे व परिणामांच्या जाणिवेचे प्राथमिक मूल्यमापन होते आणि त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. म्हणजे जाणिवेचा प्रश्न उपस्थित होतो तो कृत्याच्या गांभीर्यामुळेच.

भाषेच्या अभ्यासकाने आणखी एक गोष्ट पाहावी. हाच अधिनियम बालकाविषयी कलंकदर्शक शब्द टाळण्याचे तत्त्व सांगतो. म्हणून ‘गुन्हेगार’ऐवजी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, ‘तुरुंग’ऐवजी ‘निरीक्षणगृह’. प्रौढाला त्याच्या कृत्यावरून नाव मिळते. बालकाचे नाव मात्र बदलास वाव ठेवते. लोकभावना प्रक्षुब्ध होते तेव्हा हा भेदच तिला असह्य वाटतो.

तो क्षोभ निव्वळ सूडबुद्धीचा म्हणून झटकून टाकता येणार नाही. मांडव्याच्या आख्यानात ऋषी बोलतो, धर्म बोलतो. काडी टोचलेले कीटक मात्र अखेरपर्यंत मूकच राहतात. २०१२ नंतर रस्त्यावर ऐकू आला तो या मूक पक्षाचा आवाज. तो ऐकणे हे न्यायाचे कर्तव्यच होय. परंतु तो ऐकताना बालकाची जाण विसरली गेली, तर अणीमांडव्याने धर्माला विचारलेला प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल.