इंजिन उभं करायचंय? मग सायडिंग वेगळी करा!

आपलं 'हिंगोली डेक्कन' स्टेशन पूर्णा-अकोला मार्गावर. हा मार्ग 2008 साली मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. घरी मॉडेलमध्ये हे स्टेशन उभारताना पहिली अडचण येते ती सायडिंगची. साध्या 12 व्होल्ट डीसी लेआउटवर वीज रुळांतूनच जाते, त्यामुळे रेग्युलेटर फिरवला की मेन लाइनवरच्या गाडीसोबत सायडिंगमधलं इंजिनही निघतं.

उपाय सोपा आहे. सायडिंगच्या एकाच रुळाला, सांध्यापासून थोडं पुढे, बारीक खाच पाडा किंवा तिथे प्लास्टिकचा जॉइनर बसवा. खाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक वायर सोल्डर करा आणि मध्ये साधा ऑन-ऑफ टॉगल स्विच घाला. स्विच बंद केला की इंजिन जागच्या जागी थांबतं. मात्र वीज घेणारी त्याची सगळी चाकं खाचेच्या पलीकडे हवीत, म्हणून सायडिंग पुरेशी लांब ठेवा. संपूर्ण लेआउटवर खाचा एकाच बाजूच्या रुळाला पाडा. पुढे वायरिंग वाढलं तरी गोंधळ होत नाही.

आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका! मे महिन्यात रूळ प्रसरण पावतात आणि उघडी खाच मिटते. तिथे प्लास्टिकची चकती चिकटवून रुळाच्या आकारात घासा. मग स्विच बंद ठेवून, लेआउटचा पुरवठा काढून, मल्टीमीटर कंटिन्युइटी (बीप) मोडवर ठेवून खाचेच्या दोन टोकांना लावा. आवाज आला, तर कुठेतरी जोड राहिलाय.

पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय जरूर बघा.