दुखत नाही म्हणून सोडू नका : काट्यातून येणारा मदुरा पाय



पिकावरच्या बुरशीबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज माणसाच्या पायात वाढणाऱ्या बुरशीबद्दल सांगायचे आहे. हे काम डॉक्टरांचे, शेतीवाल्या माणसाने यात कशाला पडावे, असे कुणी म्हणेल. पण ही बुरशी येते मातीतून, आणि सापडतो तो शेतात अनवाणी राबणारा गडी.

शिवारफेरीत एकदा एका दादांचा पाय पाहिला. घोट्याखाली टणक सूज, तिला पाच-सहा तोंडे, त्यांतून पाणी येत होते. विचारले, किती दिवस झाले? म्हणाले, "झाली की चार वर्षं. पण दुखत नाही साहेब, म्हणून ऱ्हाऊ दिलं." मी दवाखान्यात जायला लावले, पण तोवर रोग हाडात उतरला होता. पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

या रोगाला डॉक्टर 'मायसेटोमा' म्हणतात. बाभळीचा काटा किंवा धसकट पायात मोडते, त्याबरोबर मातीतली बुरशी आत जाते. काटा आपण विसरून जातो. मग कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनी, तिथे एक न दुखणारी गाठ येते. गाठ वाढते, तिला तोंडे फुटतात आणि पाण्याबरोबर बारीक दाणे बाहेर पडतात. सूज, तोंडे आणि दाणे, ही तीन या रोगाची खूण. बहुधा पायालाच होतो. पण हाताला, किंवा सरपणाचे ओझे वाहणाऱ्याच्या पाठीलाही होऊ शकतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा घरच्यांनी रोग्याला बाजूला बसवू नये.

१८४२ साली मदुराईच्या दवाखान्यात गिल नावाच्या डॉक्टरांनी असे पाय पाहून लिहून ठेवले, म्हणून 'मदुरा पाय' हे नाव पडले. हा बुरशीचा रोग आहे असे मांडून १८६० च्या सुमारास 'मायसेटोमा' हे नाव दिले ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या डॉ. कार्टर यांनी. हेच कार्टर पुढे काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते.

आता खरी मेख. सगळे मायसेटोमा बुरशीचे नसतात, काही जिवाणूंचे असतात. पाय दिसायला सारखाच! डाळिंबवाल्यांना हे लगेच कळेल. तेल्या हा जिवाणूंचा रोग, त्यावर नुसते बुरशीनाशक मारून काय उपयोग? तसेच इथे. दाणे काळे असतील तर रोग बुरशीचा. तांबडे असतील तर जिवाणूंचा. पांढरे-पिवळे दोन्हींचे असू शकतात, म्हणून तपासणी हवीच. जिवाणूंचा असेल तर योग्य औषधाने पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून बरा होतो. बुरशीचा मात्र चिवट. त्याला इट्राकोनॅझोलच्या गोळ्या महिनोन्‌महिने, कधी वर्षभर आणि त्याहूनही जास्त घ्याव्या लागतात, आणि बहुधा गाठही कापून काढावी लागते.

एवढा चिवट का? भुईमुगाच्या खोडकुजीत बुंध्याशी मोहरीसारखे दाणे दिसतात ना? त्या कवचात बुरशी सुखरूप राहते. पायातल्या काळ्या दाण्याचेही तसेच आहे. त्याच्या काळ्या रंगद्रव्यामुळे औषधाचा मारा आत नीट पोचत नाही. म्हणून गाठ वाटाण्याएवढी असतानाच दाखवली तर काम सोपे. पाय सुजल्यावर फार अवघड.

या रोगावर फार मोठे काम झाले ते आफ्रिकेतल्या सुदान देशात. तिथेही हीच बाभळीची जात, गुराढोरांना काट्यांची कुंपणे आणि अनवाणी पाय. राजधानी खार्टुमला १९९१ साली या रोगाचे खास केंद्र निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१६ साली कुठे या रोगाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले! गरिबाच्या पायाचा रोग, त्यावर औषध काढायची घाई कुणाला? २०१७ पासून खार्टुमच्या केंद्रात फॉसरॅव्ह्युकोनॅझोल या जपानी औषधाची चाचणी झाली. इट्राकोनॅझोल रोज घ्यावे लागते, हे आठवड्यातून एकदा. गुण इट्राकोनॅझोलपेक्षा जास्त ठरला नाही, पण दवाखाना लांब असलेल्या माणसाला आठवड्याची गोळी पुष्कळ सोयीची. २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटले आणि त्यात हे केंद्र उद्ध्वस्त झाले, वर्षानुवर्षे जमवलेली माहितीही गेली.

आपल्या हाती काय आहे ते सांगतो. शेतात, विशेषतः बाभळीखाली आणि कुंपण करताना, जाड तळाची पायताणे घाला. काटा मोडला तर सबंध काढा, साबणाने जखम धुवा, धनुर्वाताची सुई घ्या. काटा मोडलेल्या जागी न दुखणारी गाठ राहिली तर तिला डाग देऊ नका, घरी चिरू नका, दुकानातून मलम आणून चोळत बसू नका. जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जा. पाणी येत असेल तर आदल्या रात्री त्यावर स्वच्छ कोरडी पट्टी बांधा आणि सकाळी ती पट्टी तशीच घेऊन जा. पट्टीला दाणे चिकटलेले असतात, ते डॉक्टरांना दाखवा.