जास्त गुणांना जिल्हा नाही, कमी गुणांना आहे: शिक्षक नेमणुकीतले गैरसमज

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलची निवडयादी लागली की डी.एड., बी.एड. झालेल्या मुलामुलींच्या घरी एकच प्रश्न घुमू लागतो. शेजारच्या गावातल्या मुलाला 118 गुण आणि त्याचा नंबर लागला. आमच्या मुलीला 131, मग तिचा का नाही? पुढचे वाक्य ठरलेले असते: ‘आत काहीतरी देवाणघेवाण झाली असणार.’ वर्षानुवर्षे अभ्यास केलेल्या मुलीला हे ऐकावे लागणे क्रूर आहे. आणि बहुतेक वेळा ते खरेही नसते.

गुणांची अशी थेट तुलना मुळात होतच नाही. पोर्टलवर नुसते ‘शिक्षक’ असे पद नसते. माध्यम कोणते, इयत्तांचा गट कोणता, विषय कोणता, सामाजिक प्रवर्ग कोणता आणि त्यात महिला, माजी सैनिक, अंशकालीन, भूकंपग्रस्त, खेळाडू यांपैकी कोणते समांतर आरक्षण, या सगळ्या चाळण्यांतून गाळून एकेक पद ठरलेले असते. मराठी माध्यम, सहावी ते आठवी, सामाजिक शास्त्र, खुला प्रवर्ग या पदासाठी 131 गुण कमी पडू शकतात आणि गणित-विज्ञानाच्या एखाद्या राखीव पदासाठी 118 पुरेसे ठरू शकतात. फेब्रुवारी 2024 मध्ये मुलाखतीशिवाय भरायच्या 16,799 पदांसाठी 11,085 उमेदवारांचीच शिफारस झाली. ज्या गुणांवर निवड होते ती अभियोग्यता चाचणी दिलेले उमेदवार दोन लाखांहून अधिक होते. एवढे उमेदवार असूनही हजारो पदे रिकामी राहिली, कारण नेमक्या त्या विषयाचा, त्या माध्यमाचा, त्या आरक्षणाचा पात्र माणूस यादीत मिळाला नाही.

‘टीईटी पास आहे, म्हणजे नोकरी पक्की’ हा समजही असाच पसरलेला. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, फक्त पात्रता ठरवते: पहिला पेपर पहिली ते पाचवीसाठी, दुसरा सहावी ते आठवीसाठी, 150 पैकी 60 टक्के गुण, राखीव प्रवर्गांना सवलत. तिथले गुण निवडीत धरले जात नाहीत. क्रम लागतो तो शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या 200 गुणांवर, आणि तिथे पास-नापास नसते. ही चाचणी 2017, 2023 आणि 2025 मध्ये झाली. दोन चाचण्यांमधल्या एवढ्या अंतरात उमेदवारांची उमेदीची वर्षे निघून जातात. गैरव्यवहाराच्या संशयापेक्षा खरी तक्रार इथे करायला हवी.

गैरव्यवहार कधी झालाच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 2019-20 च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचे उघड झाले आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ‘पाच लाख द्या, नाव यादीत आणतो’ म्हणणारा भेटला तर ते प्रकरण आठवावे. पैसे देणाऱ्यांचे पैसेही गेले आणि प्रमाणपत्रेही.

बी.एड. म्हणजे डी.एड.पेक्षा मोठी पदवी, तेव्हा ती प्राथमिकलाही चालेल, हे आता चालत नाही. 2018 मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीची दारे उघडली होती. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 रोजी ती बंद केली. लहान मुलांना शिकवणे हे वेगळे कौशल्य आहे, त्याचे प्रशिक्षण डी.एड.मध्ये मिळते, असा त्यामागचा विचार. मला तो पूर्ण पटतो.

सर्वात जास्त नुकसान होते ते प्राधान्यक्रम भरताना. ‘आपल्या गुणांना पुणे मिळणार नाही, मग पहिला पर्याय कशाला वाया घालवायचा? गडचिरोलीच वर टाकू,’ असा सल्ला सर्रास दिला जातो. पर्याय वाया जात नाही. संगणक सर्वाधिक गुणांच्या उमेदवारापासून सुरुवात करतो. त्याच्या पसंतीची यादी वरून खाली बघत जातो आणि तो पात्र असलेले पहिले शिल्लक पद त्याला देतो; मग पुढचा उमेदवार. तुमची पाळी येईपर्यंत पुण्याचे पद संपले असेल तर तो तुमचा दुसरा पर्याय बघतो, तिसरा बघतो. वर पुणे लिहिल्यामुळे खालच्या पर्यायावरचा हक्क कमी होत नाही. उलट नको असलेला जिल्हा ‘खात्रीचा’ म्हणून वर टाकला तर तोच मिळतो आणि खालचा हवासा जिल्हा तपासलाच जात नाही. तेव्हा जे मनापासून हवे तेच वर लिहावे आणि शेवटी यादी लॉक करावी. लॉक न केलेली यादी विचारात घेतली जात नाही. हे काम नेट कॅफेवाल्यावर सोपवू नये, स्वतः बसून करावे.

‘आमच्या गावच्या शाळेत जागा रिकामी आहे, मग जाहिरातीत का नाही?’ जागा रिकामी दिसणे आणि पद भरतीला निघणे यांत बरीच पायपीट असते. आधी विद्यार्थिसंख्येवरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरते; मग अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचे दुसऱ्या शाळांत समायोजन, मग बिंदुनामावलीची, म्हणजे पदांच्या आरक्षणक्रमाची, तपासणी. त्यातून उरलेले पद जाहिरातीत येते.

जिल्हा परिषदेसाठी पोर्टल जिल्हा देते, शाळा देत नाही. शाळा मिळते ती जिल्हा परिषदेतल्या समुपदेशनात. तिथे रिक्त शाळांची यादी समोर ठेवतात आणि क्रमाने एकेकाला निवडायला सांगतात. तोवर जुन्या शिक्षकांच्या बदल्या होऊन गेलेल्या असल्या तर रस्त्यालगतच्या शाळा भरलेल्या असतात, उरतात त्या बहुधा अवघड क्षेत्रातल्या. शिवाय समानीकरणासाठी, म्हणजे सर्व तालुक्यांत रिक्त पदांचे प्रमाण सारखे राहावे म्हणून, काही जागा मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात. यादीत शाळेचे नाव दिसले नाही की लपवल्याचा संशय येतो. त्याआधी हे कारण तपासावे.

खासगी अनुदानित संस्थांनाही शिक्षक पोर्टलवरूनच घ्यावे लागतात. संस्थेने मुलाखतीचा पर्याय घेतला असेल तर पोर्टल तिला उमेदवारांची नावे पाठवते, संस्था मुलाखत आणि पाठ घेऊन त्यांच्यातूनच निवडते. स्वयंअर्थसहाय्यित शाळा मात्र आपले शिक्षक आपणच नेमतात.

आणि वर्ग? पहिली ते पाचवीच्या शिक्षकाला सगळेच विषय शिकवायचे असतात, कोणता वर्ग ते मुख्याध्यापक ठरवतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. म्हणजे द्विशिक्षकी शाळेत पाच इयत्ता दोघांत वाटायच्या: एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी ते पाचवी. सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र असे शिक्षक कायद्याला अपेक्षित आहेत, पण पट लहान असला की विज्ञानाच्या बाईंकडे इंग्रजी आणि चित्रकलाही येते. हे सारे पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, 2023 पासून प्राथमिकला महिना 16,000 रुपये मानधनावर. समुपदेशनाला जाण्याआधी आपण निवडू पाहत असलेल्या शाळेचा पट आणि मंजूर शिक्षकसंख्या विचारून घ्यावी. आपल्याला किती इयत्ता सांभाळायच्या आहेत, हे त्या दोन आकड्यांवरून आधीच कळते.